कॉर्डची नावं एकाच पद्धतीने छापायची तर: म्यूझस्कोरमधला क्रम, चुका आणि तपासण्या

मुखड्यात 'सी मेज ७', अंतऱ्यात सी पुढे त्रिकोण, शेवटच्या ओळीत 'सी कॅपिटल एम ७'. कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा गट) एकच, खुणा तीन. असा चार्ट (वादकासमोरचं कॉर्ड लिहिलेलं पान) घरी बसून वाचता येतो, पण गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या रंगमंचावर, अर्धवट उजेडात, पहिल्याच वाचनात वाजवायचा असेल तर त्यावर वादक अडखळतो. त्याहून मोठी गोची पट्टी बदलल्यावर होते: सूर सरकतात, पण काही कॉर्ड जागच्या जागी राहतात, कारण ते कॉर्ड म्हणून नव्हे, नुसता मजकूर म्हणून टाइप केलेले असतात.

दोन्हींचं मूळ एकच. बहुतेक जण आधी कॉर्ड भरतात आणि मग ते कसे दिसावेत ते हाताने सुधारत बसतात. क्रम उलटा हवा. आधी खुणा ठरवायच्या, मग सॉफ्टवेअरला त्या सांगायच्या, मग कॉर्ड भरायचे. भरताना कॉर्डचा अर्थ नीट गेला पाहिजे, त्याचं रूप स्टाइल सांभाळते.

खालचे टप्पे म्यूझस्कोर ४ धरून दिले आहेत. हे नोटेशन टाइप करून छापायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. मेनूंची नावं इंग्रजी आवृत्तीतली आहेत. लेखात कॉर्डची अक्षरं आणि आकडे देवनागरीत छापले असले तरी टाइप करताना ते इंग्रजीतच करायचे.

## १. फाइल उघडण्याआधी खुणांचं पान

एका कागदावर आपल्या वाद्यवृंदाच्या खुणा लिहून काढा. प्रत्येक प्रकाराला एकच खूण द्यायची, दुसरा पर्याय ठेवायचा नाही. निर्णय एवढे लागतात:

मेजर सेव्हन. स्मॉल अक्षरांत 'एम-ए-जे' आणि ७, हे सर्वांत सुरक्षित. कॅपिटल एम टाळा. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये कॅपिटल आणि स्मॉल एममधला फरक पुसला जातो आणि मेजर सेव्हनच्या जागी मायनर सेव्हन वाजतो. त्रिकोण सुटसुटीत दिसतो, पण त्याच्यापुढे ७ नसेल तर कोणी त्याला साधा मेजर समजतो, कोणी मेजर सेव्हन. त्रिकोणच हवा असेल तर ७ सोबत लिहायचा की नाही हेही याच पानावर ठरवा.

मायनर. स्मॉल एम. जॅझवाले आडवी रेघ वापरतात, पण फिकट प्रिंटमध्ये ती रेघ उडते आणि मायनरचा मेजर होतो.

हाफ-डिमिनिश्ड. छेदलेलं वर्तुळ किंवा 'मायनर ७ ♭५'. तुमचा गिटारिस्ट सिनेसंगीतातून आलेला असेल तर दुसरी खूण तो लवकर वाचतो. जॅझ शिकलेल्याला पहिली सोयीची. दोघे एकत्र वाजवणार असतील तर दुसरी घ्या, ती समजायला कोणालाच अडचण नसते.

सस (तिसऱ्या सुराऐवजी दुसरा किंवा चौथा घेतलेला कॉर्ड). नुसतं 'सस' लिहिलं तर बहुतेक ठिकाणी सस ४ असा अर्थ घेतात, तरीही आकडा लिहाच. 'सी २', 'सस २' आणि 'ॲड ९' या तिन्हींचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. सस २ मध्ये तिसरा सूर नसतो, ॲड ९ मध्ये असतो. 'सी २' ही खूण यादीतून काढूनच टाका.

सुरांची नावं. इंग्रजी ए ते जी. 'सा रे ग' किंवा 'दो रे मी' वापरायचा मोह होतो, त्याबद्दल टप्पा ३ मध्ये.

सावधान: खुणांचं पान एकट्याने ठरवू नका. कीबोर्ड आणि गिटार वाजवणाऱ्या दोघांना दाखवा. तालमीत वाद घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

## २. पट्टीवरून की सिग्नेचर

गायक 'काळी चार' (म्हणजे सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर) म्हणतो आणि टाइप करणारा जी♯ मेजर निवडायला जातो. इथे पुष्कळांचं चुकतं. जी♯ मेजरच्या की सिग्नेचरमध्ये (ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हांत) ८ शार्प (♯, सूर अर्धा चढवणारी खूण) लागतात, त्यामुळे कॉर्डच्या नावांत डबल शार्प यायला लागतात. तोच सूर ए♭ म्हणून लिहिला तर ४ फ्लॅटमध्ये (♭, सूर अर्धा उतरवणारी खूण) काम होतं.

मेजर गाण्यांसाठी:

- काळी १: डी♭ मेजर, ५ फ्लॅट (सी♯ घेतला तर ७ शार्प)
- काळी २: ई♭ मेजर, ३ फ्लॅट
- काळी ३: एफ♯ किंवा जी♭, दोन्हींत ६ चिन्हं
- काळी ४: ए♭ मेजर, ४ फ्लॅट
- काळी ५: बी♭ मेजर, २ फ्लॅट

मायनर वळणाच्या चालींना मात्र हीच यादी लावली तर फसाल. काळी १ मायनर म्हणजे सी♯ मायनर, ४ शार्प. तिथे डी♭ मायनर लिहिलात तर ८ फ्लॅट येतात. काळी ३ एफ♯ मायनर (३ शार्प), काळी ४ जी♯ मायनर (५ शार्प), काळी ५ बी♭ मायनर (५ फ्लॅट). काळी २ ला ई♭ मायनर आणि डी♯ मायनर दोन्हींत ६ चिन्हं, कोणतंही घ्या पण पूर्ण गाण्यात एकच.

काळी ३ मेजरचा निर्णय वाद्यांवर सोडा. गिटारसाठी एफ♯ बरा. साथीला आल्टो सॅक्सोफोन असेल तर जी♭, कारण आल्टोचं पान वेगळ्या पट्टीत लिहितात, तिथे त्याचा ई♭ होतो आणि ३ फ्लॅटमध्ये निभावतं. एफ♯ ठेवलात तर तिथे डी♯ मेजर, म्हणजे ९ शार्प.

पांढऱ्या पट्ट्यांचा प्रश्न नाही: पांढरी १ सी, २ डी, असं ७ म्हणजे बी पर्यंत.

## ३. स्टाइल आधी, कॉर्ड नंतर

फॉरमॅट मेनूतून स्टाइल उघडा आणि डाव्या यादीतलं कॉर्ड सिम्बॉल्स निवडा. इथल्या प्रत्येक निवडीचा परिणाम पूर्ण फाइलवर होतो.

दिसणं. तीन पर्याय असतात: स्टँडर्ड, जॅझ आणि कस्टम. स्टँडर्डमध्ये खूण साधारण तुम्ही टाइप केली तशीच दिसते, म्हणजे 'एम-ए-जे' टाइप केलं तर 'एम-ए-जे', 'एम-ए' केलं तर 'एम-ए'. सॉफ्टवेअरला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो, पण कागदावर दोन खुणा उमटतात. टप्पा १ चं पान याचसाठी. जॅझ पर्यायात म्यूझजॅझ हा हस्ताक्षरी फाँट येतो आणि आकडे वर चढतात. दिसायला छान, पण लहान आकारात ♭ आणि ६ जवळजवळ आले की घोटाळा होतो. चार्ट स्टँडवरून वाचायचा असेल तर स्टँडर्ड बरा.

कस्टम हा खरा बदलता येणारा भाग. सॉफ्टवेअरच्या स्टाइल्स फोल्डरात कॉर्डच्या वर्णनाची एक्सएमएल फाइल असते. 'टाइप केलेला अमुक शब्द आला की तमुक चिन्ह छाप' असे नियम तिच्यात असतात. 'एम-ए', 'एम-ए-जे' आणि कॅपिटल एम, तिन्हींना छापताना त्रिकोण मिळावा, अशी सोय इथे करता येते. पद्धत:

1. स्टँडर्डच्या फाइलची प्रत काढा, वेगळं नाव द्या, कागदपत्रांच्या फोल्डरात ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका, सॉफ्टवेअर अपडेट झालं की तिच्यातले बदल पुसले जातील.
2. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. वर्डमध्ये नको, तो अवतरणचिन्हं वळवून टाकतो आणि फाइल निकामी होते.
3. एका वेळी एकच नियम बदला, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.
4. स्टाइलमध्ये कस्टम निवडून ती फाइल द्या. चार वेगवेगळे कॉर्ड टाइप करून बघा, मगच पुढचा नियम.

सुरांच्या नावांची पद्धत. स्टँडर्ड, जर्मन, फुल जर्मन, सॉल्फेजिओ आणि फ्रेंच असे पर्याय दिसतील. स्टँडर्डवरच राहा. फुल जर्मनमध्ये 'बी' छापलं की त्याचा अर्थ बी♭, आणि आपला बी 'एच' होतो. चुकून हा पर्याय लागला तर चार्टभर एच दिसतात आणि बी वाचणारा अर्धा सूर वर वाजवतो. सॉल्फेजिओ बघून 'हे तर आपलं सारेगम' असं वाटेल, पण तिथला 'दो' म्हणजे कायम सी. आपला सा पट्टीबरोबर फिरतो. काळी ४ च्या गाण्यात 'दो' आणि सा यांचा काहीच संबंध उरत नाही.

पट्टीबरोबर फिरणारं नाव खरंच हवं असेल तर ॲड, टेक्स्ट या मेनूतले नॅशव्हिल नंबर बघा. तिथे सा वरचा कॉर्ड १, म वरचा ४, प वरचा ५. गायकाने आयत्या वेळी पट्टी उतरवली तरी पान बदलावं लागत नाही. फक्त वादकांना ती सवय हवी, एका तालमीत ती लागत नाही.

मोठी-लहान अक्षरं. ऑटोमॅटिक कॅपिटलायझेशन चालू ठेवा, म्हणजे स्मॉल सी टाइप केला तरी कॅपिटल छापला जाईल. 'लोअरकेस मायनर कॉर्ड्स' बंद ठेवा. त्यात मायनर कॉर्डचं अक्षर लहान होतं, आणि कॅपिटल सी व स्मॉल सी चा आकार सारखाच, फरक फक्त मापाचा.

आकड्यांचं माप. एक्स्टेन्शन (७, ९ सारखे आकडे) आणि मॉडिफायर (♭९ सारखे बदल) या दोन्हींना स्केलिंग आणि उंची वेगळी देता येते. ०.८ च्या खाली जाऊ नका. त्यापुढे ♭९ मधला फ्लॅट डाग वाटतो.

सगळं जमलं की फॉरमॅटमधून सेव्ह स्टाइल करून ठेवा. पुढच्या गाण्याला लोड स्टाइल केलं की झालं. दिवाळी पहाटेसारख्या कार्यक्रमाला वीस-पंचवीस गाणी असतात, प्रत्येक फाइलमध्ये हे पुन्हा करत बसू नका.

तपासणी: रिकाम्या फाइलमध्ये मेजर सेव्हन, मायनर सेव्हन, डिमिनिश्ड, हाफ-डिमिनिश्ड, सस ४, ७♭९ आणि एक स्लॅश कॉर्ड (बेसचा सूर वेगळा दिलेला) टाइप करा. प्रिंट काढून स्टँडवर ठेवा आणि चार फुटांवरून वाचा. एकही अडखळला तर इथेच थांबून दुरुस्त करा.

## ४. कॉर्ड भरणं

पहिला सूर किंवा विराम निवडा, कंट्रोल आणि के दाबा (मॅकवर कमांड आणि के). डोक्यावर कर्सर येईल. टाइप करा आणि स्पेसने पुढच्या जागी जा. पुढच्या मापात थेट उडी मारायला टॅब. लांब सुराच्या मध्ये कॉर्ड बदलत असेल तर सेमीकोलन दाबला की पुढच्या मात्रेवर जाता येतं. मागे जायला शिफ्ट आणि स्पेस. संपलं की एस्केप.

कोणती कळ कशासाठी:

- शार्पला हॅश, फ्लॅटला स्मॉल बी. बी♭ साठी बी दोनदा.
- डिमिनिश्डच्या वर्तुळाला स्मॉल ओ.
- हाफ-डिमिनिश्डच्या छेदलेल्या वर्तुळाला शून्य. ओ आणि शून्याची अदलाबदल ही इथली सर्वांत जास्त होणारी चूक आहे.
- त्रिकोणाला स्मॉल टी किंवा वरचं टोक (^).
- ऑगमेंटेडला अधिक चिन्ह.
- बेससाठी स्लॅश: सी स्लॅश जी.
- कॉर्ड नसेल तिथे 'एन सी'.

सावधान, कंस: सी मेजरमध्ये पाचवा सूर उतरवायचा म्हणून 'सी, बी, ५' टाइप केलंत तर सॉफ्टवेअर ते सी♭ वरचा ५ असं वाचतं. चूक त्याची नाही, वादकही तसंच वाचेल. सी नंतर कंस उघडा: सी (♭५). शार्प ९ चंही तेच. आधी ७ असेल तर गोंधळ होत नाही, पण कंस दिलेला वाचायला केव्हाही सोपा.

सावधान, कीबोर्ड: गाण्याचे शब्द मराठीत टाइप करून कॉर्डकडे वळलात की भाषा बदलायला विसरायला होतं. विंडोजमध्ये विंडोज-कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. देवनागरीत टाइप केलेला 'सी' सॉफ्टवेअरच्या लेखी कॉर्ड नाही, नुसती अक्षरं आहेत. ती ना वाजतील ना पट्टीबरोबर सरकतील. आकडेही इंग्रजी कीबोर्डचेच. वेळ वाचवायचा तर आधी सगळे कॉर्ड, मग सगळे शब्द, असं करा.

आणखी एक सवय मोडायला हवी: कॉर्ड स्टाफ टेक्स्टमध्ये (स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या ओळीवर, लिहायच्या साध्या मजकुरात) टाइप करणं. कॉर्डची हवी ती खूण मिळाली नाही की लोक हा रस्ता धरतात. दिसायला फरक नसतो, म्हणून शेवटपर्यंत लक्षात येत नाही. खूण हवी तशी नसेल तर टप्पा ३ मध्ये परत जा, इथे जुगाड करू नका.

## ५. सरकवून बघण्याची परीक्षा

चार्ट कोणाला पाठवण्याआधी हे कराच. एका कॉर्डवर राइट क्लिक करून सिलेक्ट, मग त्याच स्टाफवरचे सारखे सगळे निवडा. निवडले गेले नाहीत ते कॉर्ड नव्हेत, मजकूर आहेत. ते पुसून पुन्हा भरा.

मग फाइलची प्रत काढा. काहीही न निवडता टूल्समधून ट्रान्सपोझ उघडा, 'ट्रान्सपोझ कॉर्ड सिम्बॉल्स' वर खूण आहे ना ते पाहा आणि एक पूर्ण सूर वर न्या. सी चा डी, ए मायनरचा बी मायनर व्हायला हवा. स्लॅशच्या खालचं अक्षरही सरकलं पाहिजे. सरकलं नाही ते चुकीचं टाइप झालं आहे.

कानानेही तपासता येतं. प्लेबॅकमध्ये कॉर्ड वाजवण्याची सोय चालू करा आणि प्रॉपर्टीजमध्ये इंटरप्रिटेशन 'लिटरल' ठेवा. 'जॅझ' ठेवलं तर तुम्ही न लिहिलेले सूरही त्यात मिसळू शकतात आणि बरोबर कॉर्ड चुकीचा वाटतो.

## ६. गिटारचा केपो, सॅक्सचं पान

गायकाची काळी ४ गिटारिस्टला ए♭ म्हणून वाजवायची नसते. तो पहिल्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावून जी चे आकार धरतो. काळी १ ला पहिल्या फ्रेटवर सी, काळी २ ला तिसऱ्यावर सी किंवा पहिल्यावर डी, काळी ३ ला दुसऱ्यावर ई, काळी ५ ला तिसऱ्यावर जी.

स्टाइलच्या कॉर्ड सिम्बॉल्समध्ये केपोचा फ्रेट क्रमांक टाकला की मूळ कॉर्डशेजारी कंसात केपोचा कॉर्ड छापला जातो. पण हे सर्वांच्या मूळ पानावर करू नका, कीबोर्डवाल्याला कंसातल्या कॉर्डचा उपद्रवच होतो. गिटारसाठी फाइलची वेगळी प्रत करा आणि पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'केपो ३' असं लिहा. केपोचा आकडा न लिहिता नुसते बदललेले कॉर्ड छापले, की गिटार एका पट्टीत आणि बाकी सगळे दुसऱ्या पट्टीत सुरू होतात.

सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांच्या पानावर कॉर्ड द्यायचे असतील तर ते त्या वाद्याच्या ओळीवर असावे लागतात. कॉर्ड एका स्टाफला चिकटलेले असतात, दुसऱ्या पार्टमध्ये आपोआप जात नाहीत. वर सांगितलं तसे सगळे निवडून कॉपी करा, दुसऱ्या ओळीच्या त्याच जागेच्या सुरावर क्लिक करून पेस्ट करा. पेस्ट करताना कॉन्सर्ट पिच (सगळ्या वाद्यांच्या ओळी खऱ्या सुरात दाखवणारी सोय) चालू असू द्या. नंतर बंद केलंत की सी चा कॉर्ड आल्टोच्या पानावर ए आणि ट्रम्पेटच्या पानावर डी दिसला पाहिजे. तो सी च राहिला तर वाद्य चुकीचं निवडलं आहे.

## ७. मराठी शब्द

कॉर्ड आणि शब्द एकाच पानावर असले की फाँटचा प्रश्न येतो. म्यूझस्कोरच्या एडविन फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे संगणक स्वतःच दुसरा फाँट लावतो आणि प्रत्येक मशीनवर ओळीची लांबी बदलते. टेक्स्ट स्टाइल्समध्ये लिरिक्ससाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता असा फाँट स्वतः निवडा. कॉर्डचा फाँट वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही. अक्षर तोडताना जोडाक्षराच्या मधून तोडू नका, पूर्ण अक्षर एका सुराखाली.

## ८. लिलीपाँड वापरत असाल तर

लिलीपाँड हेही नोटेशन छापायचं सॉफ्टवेअर. इथे सगळं मजकुरातून चालतं आणि कॉर्डचं नाव हवं तसं वळवता येतं, पण तीन ठिकाणी हमखास अडकायला होतं.

पहिलं: सूर टाइप करण्याची भाषा आणि कॉर्डचं नाव छापण्याची पद्धत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भाषा जर्मन केली म्हणून छापील नाव जर्मन होत नाही, त्यासाठी जर्मन कॉर्ड्सची वेगळी आज्ञा लागते.

दुसरं: मेजर सेव्हनला मुळातच त्रिकोण येतो. 'मेज ७' हवं असेल तर मेजर सेव्हनच्या चिन्हाची सेटिंग बदला, एकेका कॉर्डला हाताने लेबल लावू नका.

तिसरं: एखाद्या कॉर्डला खास नाव द्यायचं तर अपवादांची यादी करावी लागते. तिच्यात कॉर्ड नेहमी सी वरून लिहायचा, सॉफ्टवेअर तो बाकीच्या सुरांना लावून घेतं. आपली यादी मूळ यादीला जोडायची. नुसती आपलीच दिली तर आधीपासून असलेले अपवाद गायब होतात आणि भलतेच कॉर्ड विचित्र दिसायला लागतात.

प्रत्येक मापात तोच कॉर्ड पुन्हा छापला जातो, ते नको असेल तर 'कॉर्ड चेंजेस' सुरू करा. मग नाव फक्त बदलताना आणि नवी ओळ सुरू होताना येतं.

## ९. प्रिंट आणि पाठवणं

वादकांना पीडीएफच पाठवा. मूळ फाइल पाठवलीत आणि समोरच्याकडे तुमचा देवनागरी फाँट नसला, तर ओळी सरकतात आणि कॉर्ड शब्दावरून हलल्यासारखे दिसतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी म्यूझिकएक्सएमएल द्यावी लागते. तिच्यात कॉर्डचा प्रकार जातो, तुमची स्टाइल जात नाही, म्हणून पलीकडे खुणा वेगळ्या दिसणं स्वाभाविक आहे. सोबत खुणांचं पान जोडा.

ए४ कागद, कॉर्डचा आकार १२ ते १४ पॉइंट, एका ओळीत चार मापं. झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' बंद ठेवायला सांगा, नाहीतर पान लहान होतं आणि सगळ्यात आधी ♭ आणि ♯ बळी जातात. फाइलच्या नावात पट्टी आणि तारीख लिहा, आणि तीच पट्टी पानाच्या वरच्या कोपऱ्यातही छापा. पट्टी बदलली की जुनी पानं तालमीतच गोळा करून घ्या, कार्यक्रमाच्या दिवशी दोन पट्ट्यांची पानं एकाच स्टँडवर असू नयेत.